ऑगस्टाच्या झाडीत काही महिने: ‘पीजीए टूर’ वापरल्यानंतरचा अनुभव

हा गेम घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो: जरूर घ्या, पण त्यातली मदत बंद करून खेळा. ‘ईए स्पोर्ट्स पीजीए टूर’ हा गोल्फचा व्हिडिओ गेम एप्रिल २०२३ मध्ये आला. पीएस५, एक्सबॉक्स सीरीज एक्स-एस आणि पीसीवर चालतो. कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, भरपूर आहेत त्यात, पण मी गेल्या दिवाळीपासून जवळपास एकाच कोर्सवर ठाण मांडून आहे. तो म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला ऑगस्टा नॅशनल. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते अख्ख्या गेमबद्दल कमी आणि या एका कोर्सबद्दल जास्त आहे. करिअर मोड, कपडे-बूट, ग्राफिक्स यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोर्सचे अठरा होल, म्हणजे टी या पहिल्या शॉटच्या जागेपासून झेंड्याजवळच्या खळग्यापर्यंतचे अठरा टप्पे, कसे खेळावेत हे मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

माझं दुकान सांगलीत गणपती पेठेत. रात्री शटर ओढून, जेवून कंट्रोलर हातात घेतो. इथं क्रिकेट, कबड्डी, कुस्तीवर कुणाशीही तासभर बोलता येतं, गोल्फवर बोलायला माणूस शोधावा लागतो. मला हा खेळ लागला तो टीव्हीवरून. मास्टर्स स्पर्धा दर एप्रिलला ऑगस्टालाच होते आणि तिचा शेवटचा दिवस आपल्याकडे रविवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपतो. ती जागरणं मी वर्षानुवर्षं केलीत. २००७ साली जीव मिल्खा सिंग तिथं खेळणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासूनची.

कोर्सची थोडी ओळख. जागा मूळची रोपवाटिकेची. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि कोर्स आखणारे ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेला हा कोर्स १९३३ मध्ये सुरू झाला. प्रत्येक होलला एकेका झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे: मॅग्नोलिया, कॅमेलिया, अझेलिया, ज्युनिपर. पार, म्हणजे अपेक्षित शॉटची संख्या, ७२, लांबी मास्टर्सच्या टीवरून ७,५०० यार्डांच्या वर. दोन्ही अंगांना उंच पाइन, खाली त्यांच्या वाळक्या सुयांचा थर. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्या मधली कापलेल्या गवताची वाट, मात्र रुंद आहेत. नवा माणूस इथंच चकतो. त्याला वाटतं झाडं चुकवली की काम झालं. पण रुंद फेअरवेच्या डाव्या कडेवरून जे ग्रीन (झेंड्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) हाताशी वाटतं, ते उजव्या कडेवरून कधी कधी जवळपास बंद असतं.

म्हणून मदत बंद करायला सांगतोय. ग्रीनवर उतार दाखवणारी जाळी आणि पटची (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्याची) वाट दाखवणारी रेघ चालू असली की कुठूनही पट जातो. मग चेंडू झेंड्याच्या वर थांबला काय नि खाली थांबला काय, फरक पडत नाही. जाळी काढा. आता वरून खाली येणारा पट बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमवर सोंगटी सरकावी तसा सुटतो. दोन-तीन रात्रींत लक्षात येतं की प्रत्येक होल उलटा वाचायचा असतो. आधी झेंडा कुठंय ते बघायचं, मग पट कुठल्या बाजूनं हवा, मग तिथं चेंडू टाकायला फेअरवेचा कुठला भाग हवा, आणि सगळ्यात शेवटी टीवर कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी घ्यायची.

झाडी खरोखर अंगावर येते ती सातव्या आणि अठराव्या होलवर.

सातवा, पॅम्पस, ४५० यार्ड. दोन्हीकडून पाइन इतके आत आलेत की टीवरून फेअरवेची पट्टीच दिसते. ग्रीन छोटं, भोवती पाच बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. इथं मी सगळ्यात लांब मारणारा ड्रायव्हर घेत नाही, त्याहून आखूड मारणारा थ्री वूड घेतो. दुसरा शॉट लांब राहतो हे मान्य, पण तो गवतावरून मारायला मिळतो आणि या ग्रीनवर तेवढंच हवं असतं. सुयांवरून मारलेल्या चेंडूला फिरकी कमी मिळते, तो पडल्यावर थांबत नाही आणि मागच्या बंकरमध्ये जातो. झाडात गेलाच तर दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीनकडं बघू नका. खालून सरळ फेअरवेवर काढा, वेजनं (उंच आणि आखूड मारणाऱ्या क्लबनं) झेंड्याखाली टाका. बहुतेक वेळा बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) होते, कधी पारही वाचतो.

अठरावा, हॉली, ४६५ यार्ड, चढाचा. टीवरून झाडांच्या बोळातून मारायचं, फेअरवे उजवीकडं वळतो आणि नेमक्या वळणावर डाव्या अंगाला दोन बंकर. १९८८ साली सँडी लाइलनं यातल्याच एका बंकरमधून सेव्हन आयर्न या मधल्या अंतराच्या क्लबनं चेंडू ग्रीनवर नेला, बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) केली आणि मास्टर्स जिंकली. वळणाच्या अलीकडं थांबेल असा क्लब घेतला तर त्या बंकरशी संबंधच येत नाही. चढ असल्यानं दुसऱ्या शॉटला एक क्लब जास्त धरा.

सतराव्यावर आता मोकळं वाटतं. तिथं डावीकडं आयझेनहॉवर यांच्या नावानं ओळखला जाणारा मोठा पाइन होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ऑगस्टा नॅशनल क्लबचे सदस्य, त्यांचे चेंडू त्यावर इतके आदळायचे की १९५६ साली क्लबच्या बैठकीत त्यांनी तो तोडायची मागणी केली. तो राहिला, आणि २०१४ च्या फेब्रुवारीतल्या बर्फाच्या वादळानं गेला. जुन्या मास्टर्सची चित्रणं बघून डोळा तयार झालेल्याला ती पोकळी जाणवते.

पहिल्या नऊमधले बाकीचे होल झटपट सांगतो. पहिल्यावर उजव्या खोल बंकरपासून लांब राहा. तिसरा फक्त ३५० यार्ड, सगळ्यात आखूड पार ४ (चार शॉटचा होल), आणि म्हणूनच मोह होतो. पण ग्रीनचा डावा भाग अरुंद आहे, जवळ जाऊन अर्धवट ताकदीचा शॉट मारण्यापेक्षा आयर्ननं मागं थांबून पूर्ण वेज मारलेला बरा. चौथा २४० यार्डांचा पार ३, ग्रीनच्या मध्यावर मारा आणि पुढं चला. पाचव्याला डावे बंकर ओलांडायची ताकद बहुतेकांकडं नसते, उजवीकडून जा. सहाव्यावर ग्रीनच्या उजव्या वरच्या कप्प्यात झेंडा असेल तर दोन पटमध्ये समाधान माना. दुसरा आणि आठवा पार ५. दुसरा उताराचा, तिथं धाडस करावं: २०१२ साली लुई उस्टहाउझननं इथं फोर आयर्ननं दुसऱ्याच शॉटला चेंडू थेट होलात घातला होता. आठवा चढाचा, ग्रीन दिसतही नाही, तिथं तीन शॉटचा हिशेब ठेवावा.

नववा जरा थांबून बघण्यासारखा. ग्रीन मागून पुढं जोरात उतरतं. पुढच्या भागात पडलेला चेंडू फिरकी घेऊन ग्रीनवरून खाली, फेअरवेवर परत येतो. १९९६ च्या शेवटच्या फेरीत ग्रेग नॉर्मनचा चेंडू असाच मागं आला. सहा शॉटची आघाडी घेऊन उतरलेला माणूस त्या दिवशी निक फाल्डोकडून पाच शॉटनं हरला. गेममध्ये हा उतार टीव्हीच्या पडद्यावर सपाट दिसतो, पडद्यावर सगळेच उतार मवाळ होतात. माझा उपाय असा की शॉटच्या आधी कॅमेरा ग्रीनवर नेऊन बाजूनं बघायचं, समोरून नाही. बाजूनं बघितलं की उतार कळतो.

दहावा, कॅमेलिया, ४९५ यार्ड. इतक्या वर्षांच्या मास्टर्समध्ये सर्वांत अवघड ठरलेला होल हाच. टीपासून जमीन खोल उतरते आणि डावीकडं वळते. डावीकडं वळणारा ड्रॉ मारला तर चेंडू उतार पकडून कितीतरी पुढं पळतो. सरळ मारला तर वरच्या सपाटीवर थांबतो आणि हातात लांब आयर्न येतं. पण ड्रॉ फार वळला की काय होतं ते २०११ मध्ये रॉरी मॅकिलरॉयनं दाखवलं: चेंडू डावीकडच्या केबिनपाशी गेला, होल सात शॉटमध्ये संपला आणि आघाडी गेली. पुढच्याच वर्षी बबा वॉटसननं उजवीकडच्या झाडीतून वेजनं चेंडू अक्षरशः काटकोनात वळवून ग्रीनवर आणला आणि प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ) जिंकला. तो शॉट गेममध्ये करून बघायला मजा येते, पण चालू फेरीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

अकरावा ५२० यार्डांचा पार ४, ग्रीनच्या डावीकडं तळं. इथं ग्रीन चुकवायचं तर उजवीकडंच. ही माघार नाही, हाच बेत. तिथून चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट) अवघड आहे, पण ती मारता येते, पाण्यातून काहीच मारता येत नाही. लॅरी माइझ ऑगस्टाचाच मुलगा, १९८७ साली त्यानं याच बाजूनं चिप थेट होलात घालून प्लेऑफ जिंकला होता.

आता बारावा. गोल्डन बेल, जेमतेम १५५ यार्ड, आणि माझ्या मते अख्ख्या गेमची किंमत इथं वसूल होते. समोर रेज क्रीक हा ओढा, पाण्यापलीकडं एक बंकर, मागं दोन, मधे आडवं, चिंचोळं ग्रीन. ते तिरकं बसवलंय: डावी बाजू आपल्याकडं, उजवी बाजू लांब. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू चुकून उजवीकडं गेला की सहसा तो आखूडही पडतो, आणि नेमकं तिथंच ग्रीन लांब गेलेलं असतं. म्हणजे पाणी. रविवारचा झेंडा उजवीकडं असतो तो उगाच नाही. डावखुऱ्याची चूक उलट जाते, उजवीकडं गेलेला चेंडू लांब पडतो. फिल मिकलसननं तीनदा, वॉटसननं दोनदा, माइक वीअरनं एकदा ही स्पर्धा जिंकली, तिघंही डावखुरे. त्यात या होलचा वाटा आहे असं मानणारे बरेच आहेत आणि मला ते पटतं.

कंट्रोलरवर हे असं होतं. उजवी स्टिक अंगठ्यानं खाली ओढायची, मग वर ढकलायची. अंगठा वर जाताना जरा कलला की चेंडूची दिशा बदलते. झेंड्यावर नेम धरून अंगठा केसभर उजवीकडं गेला, खेळ खलास. पुढच्या बंकरच्या मध्यावर नेम धरला तर तोच कललेला अंगठा ग्रीनच्या मध्यावर नेतो. भाचा सुट्टीला आला होता, तो हे बघत होता.

“मामा, झेंडा तिकडं आहे. तुम्ही बंकरवर काय मारताय?”

“झेंडा कुठंय ते मला दिसतंय. तू चेंडू कुठं थांबतो ते बघ.”

दोन पटमध्ये पार. नंतर त्यानं झेंड्यावर मारला, पाण्यात गेला, मग मी त्याला २०१९ च्या मास्टर्सचा शेवटचा रविवार लावून दाखवला. मोलिनारी, केप्का, पोल्टर, फिनाऊ, चौघांचे चेंडू या होलवर पाण्यात. टायगर वूड्सनं बंकरच्या वरून, झेंड्यापासून लांब, ग्रीनच्या डाव्या भागात मारला आणि पार घेऊन निघाला. दुपारी विजेत्याचा हिरवा कोट त्याच्या अंगावर होता.

तेरावा, अझेलिया, पार ५. २०२३ मध्ये टी मागं नेऊन तो ५१० वरून ५४५ यार्डांचा केला. डावीकडं ओढा, तोच पुढं ग्रीनसमोर येतो. फेअरवे उजवीकडून डावीकडं कललेला, त्यामुळं उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू पायांपेक्षा वर मिळतो आणि तिथून तो डावीकडंच ओढला जातो. म्हणून ग्रीनच्या उजव्या कडेवर नेम धरायचा. दुसऱ्या शॉटला थेट ग्रीनवर जायचं की ओढ्याअलीकडं थांबायचं हे अंतरावर ठरवू नका, चेंडू कसा पडलाय त्यावर ठरवा. मिकलसननं २०१० मध्ये सुयांवरून, दोन झाडांमधून सिक्स आयर्ननं २०७ यार्ड मारून ग्रीन गाठलं होतं. तो शॉट मी डोक्यात ठेवतो आणि वेज काढतो.

चौदाव्यावर बंकर एकही नाही, सगळा त्रास ग्रीनच्या डावीकडून उजवीकडच्या उतारात आहे, तेव्हा झेंड्याच्या डावीकडं टाका. पंधरावा ५५० यार्ड, ग्रीनसमोर तळं. इथं थांबून तिसरा शॉट वेजनं मारणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण उभं राहायची जागा उताराची आहे आणि जास्त फिरकी लागली तर चेंडू ग्रीनवर पडून पाण्यात परत येतो. जीन साराझेननं १९३५ मध्ये २३५ यार्डांवरून फोर वूडनं थेट होलात घातला तो इथंच. माझ्याकडं चांगला ड्राइव्ह असेल तर या होलवर मी जातो, तेराव्यापेक्षा जास्त वेळा. सोळावा १७० यार्ड, डावीकडं तळं. झेंडा खाली डावीकडं असला तर उजव्या मध्यावर टाका, उतारच चेंडू झेंड्याकडं आणून देतो. २००५ ची वूड्सची चिप याच उतारावरून फिरून आत पडली.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी एक सूचना. मागच्या टीचा अट्टाहास धरू नका. खुद्द क्लबचे सदस्य ६,३६५ यार्डांच्या पुढच्या टीवरून खेळतात. तिथून खेळलात तर हातात आखूड आयर्न येतात आणि ग्रीनच्या कुठल्या बाजूला टाकायचं याचा विचार करायला सवड मिळते. जाळी मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. आणि कंट्रोलरची स्टिक जुनी, सैल असेल तर आधी ती बदला, बाराव्यावर तिचा भरवसा धरता येत नाही.