चतुर (ड्रॅगनफ्लाय) खाणारा हॉबी ससाणा बघायचाय? मग ८×४२ दुर्बीणच घ्या (दोन उन्हाळे वापरून लिहितेय)

गेल्या महिन्यात ग्रुपवर तिघा-चौघांनी विचारलं होतं की पक्षी बघायला कुठली दुर्बीण घेऊ, तेव्हा दोन ओळीत उत्तर दिलं पण ते अर्धवट वाटत राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय. आम्ही इंग्लंडमध्ये सरे भागात राहतो आणि माझी ही ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) जवळजवळ सगळी एकाच कामासाठी वापरली गेलीये, ते म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थर्सली कॉमन या झुडपं आणि दलदलीच्या मोकळ्या रानात जाऊन हॉबी बघणं. हॉबी म्हणजे छंद नाही हां, हॉबी नावाचा छोटा ससाणा. कंपनीचं नाव लिहित नाही कारण अडीचशे ते तीनशे पौंडात चार-पाच कंपन्यांची साधारण याच स्पेकची दुर्बीण मिळते, नाव बघून घेण्यापेक्षा मी खाली सांगतेय ते आकडे बघून घ्या.

आधी पक्षी कसा आहे ते सांगते, नाहीतर दुर्बिणीचं का ते कळणार नाही. हॉबी साधारण कबुतराएवढा, वजनाने तर त्याहून हलकाच, पंख लांब आणि कोयत्यासारखे वाकलेले, लांबून बघितलं तर पाकोळीच कोणीतरी ताणून मोठी केलीये असं वाटतं. पाठ गडद राखाडी, गाल पांढरे, त्यावर काळी मिशी, पोटावर जाड रेघा आणि मांड्यांवर विटकरी रंगाची चड्डी घातल्यासारखी पिसं. एप्रिलच्या शेवटी-मे मध्ये आफ्रिकेतून येतो, कावळ्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालतो (स्वतः बांधत नाही), आणि बाकीच्या पक्ष्यांपेक्षा उशिरा, म्हणजे ऑगस्टमध्ये याची पिल्लं उडायला लागतात. आणि बरोबर त्याच वेळी इथे पाणथळ जागांवर चतुरांचा सुळसुळाट असतो. मोठे हॉबी पाकोळ्या-भिंगऱ्या पण धरतात पण नवीन उडायला लागलेल्या पिल्लाला ते कुठून जमणार, त्यामुळे त्यांची शिकायची सुरुवात किड्यांपासून, आणि आपल्याला तो सगळा खेळ डोक्यावर बघायला मिळतो.

तो पकडतो कसा ते एकदा तरी बघाच. चोचीने नाही पकडत, पायाने पकडतो, उडता उडताच पाय पुढे आणतो, डोकं खाली वाकवतो, चतुराचे पंख चोचीने तोडून टाकतो आणि उरलेला गिळून टाकतो, फांदीवर वगैरे बसायचं नाव नाही, सगळं हवेत, आणि संपलं की लगेच पुढचा. मागच्या वर्षी थर्सलीच्या बोर्डवॉकवर (दलदलीवरून जाणारी लाकडी फळ्यांची वाट) उभी होते तर समोर फळीवर चतुराचा एक पंख भिरभिरत येऊन पडला, वर बघितलं तर हॉबी. तो पंख मुलाने वहीत ठेवलाय.

आता हे बघायला माझ्याकडे आधी १०×५० होती, ऑनलाइन स्वस्तात घेतलेली. तेव्हा वाटलं होतं की दहा म्हणजे आठापेक्षा चांगलंच असणार ना, पन्नास म्हणजे अजूनच चांगलं. पण तिच्यातून हॉबी मला धड कधी दिसलाच नाही. डोळ्याला दिसतोय, दुर्बीण वर केली की गायब, शोधेपर्यंत तो पाइनच्या मागे. वजन जवळपास एक किलो, हात थरथरायचा आणि दहापट मोठं दिसतं म्हणजे थरथरणं पण दहापट दिसतं हे लक्षातच आलं नव्हतं. वर एका पावसानंतर आतून धुकं धरलं ते गेलंच नाही, विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही.

मग ही घेतली. फरक कुठे पडतो ते सांगते. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार तो, पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा आकडा बॉक्सवर बारीक अक्षरात असतो, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे हजार मीटरवर किती रुंद पट्टा एका वेळी दिसतो. माझ्या जुनीत १०५ मीटर होता, हिच्यात १४० आहे. म्हणजे शंभर मीटरवर चतुर पकडणारा हॉबी असेल तर जुनीत साडेदहा मीटरचं गोल आकाश दिसायचं, हिच्यात चौदा मीटरचं, आणि गोलाचं क्षेत्रफळ काढलंत तर जवळजवळ पावणेदोन पट आकाश झालं. तो सेकंदात दिशा बदलणारा पक्षी, त्याच्यासाठी हे पावणेदोन पट म्हणजे सगळं काही. शिवाय आठपटीत फोकसची खोली पण जास्त मिळते, म्हणजे तो थोडा पुढे आला मागे गेला तरी लगेच धूसर होत नाही, दर वेळी चाक फिरवत बसावं लागत नाही.

चाकाचं पण सांगते कारण रिव्ह्यूमध्ये कोणी लिहित नाही. हिचं फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा फेरीत जातं आणि हलकं आहे, एका बोटाने फिरतं. दुकानात अजून एक बघितली होती तिला दोन फेऱ्या लागायच्या, काच तिची कदाचित जरा जास्त चांगली होती पण या पक्ष्यासाठी मी ती घेणार नाही. आणि दुकानात बघताना दारातून बाहेर जाऊन बघा, विचारलंत तर नाही म्हणत नाहीत, आतमध्ये भिंतीवरचं पोस्टर बघून काही कळत नाही. पांढऱ्या ढगासमोर काळी फांदी किंवा कावळा बघा, कडेने जांभळी रेघ दिसते का ते बघा. स्वस्त काचेत ती इतकी जाड येते की हॉबीची मिशी, विटकरी चड्डी काहीच दिसत नाही, नुसती काळी आकृती. हिच्यात ईडी काच (अशी रंगीत रेघ कमी करणारी खास काच) आहे, मध्यभागी रेघ दिसत नाही, अगदी कडेला थोडी दिसते, मला चालतं.

दुसरी गोष्ट जी मी आधी अजिबात बघितली नसती ती म्हणजे जवळचा फोकस. हिचा दोन मीटर आहे. आता ससाण्यासाठी दोन मीटर कशाला असं वाटेल, पण तो जे खातो ते तर तुमच्या पायाशी बसलेलं असतं ना! थर्सलीला वीसहून जास्त जातींचे चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक, नाजूक भाऊबंद) आहेत, इंग्लंडमधल्या सगळ्यात चांगल्या जागांपैकी एक. ऑगस्टच्या शेवटी बोर्डवॉकच्या फळ्यांवर ऊन खात ब्लॅक डार्टर बसलेले असतात, इथला सगळ्यात छोटा चतुर, नर जवळजवळ पूर्ण काळा. वर मोठे ब्राउन हॉकर चतुर फिरतात त्यांचे पंख मधाच्या रंगाचे, उन्हात तर असे चमकतात की बस. मायग्रंट हॉकर पण याच दिवसात वाढतात. तर माझा मुलगा आधी पायाशी बसलेला चतुर दुर्बिणीतून बघतो, डोळे, पंखांच्या शिरा सगळं, आणि मग तीच दुर्बीण वर करून तो खाणारा बघतो. एकाच वस्तूत जेवणारा आणि जेवण दोन्ही.

यावर्षी बाबा सांगलीहून उन्हाळ्यासाठी आले होते, ऑगस्टच्या बँक हॉलिडेला (इथली सार्वजनिक सुट्टी) त्यांना घेऊन गेलो. बाबा अडुसष्टचे, चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जुन्या दुर्बिणीतून चष्मा लावून बघितलं की त्यांना मधोमध एक छोटं भोक दिसायचं, चष्मा काढला की फोकस जमायचा नाही, मग ते राहू दे म्हणायचे. हिचं आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १८ मिलिमीटर आहे, डोळ्यापाशी जे रबरी कप असतात ते आत फिरवून टाकायचे आणि चष्म्यासकट लावायची, पूर्ण गोल दिसतो. घरात कोणालाही चष्मा असेल तर १६-१७ च्या खाली घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

थर्सलीच्या मोट पाँड तळ्याच्या कार पार्कमध्ये साडेदहाला पोचलो. खूप लवकर जाऊन उपयोग नाही, चतुर ऊन लागल्याशिवाय उडत नाहीत आणि ते उडाले नाहीत तर हॉबी कशाला येतोय. हेदरची झुडपं सगळी जांभळी फुललेली. मे २०२० मध्ये इथे मोठी आग लागली होती, बोर्डवॉक पण जळला होता, तो नंतर नवीन बांधला, आता चालायला मस्त आहे, बाबांना काठी न घेता जमलं. एक इंग्लिश आजोबा स्टूल टाकून बसले होते त्यांनी आपणहून सांगितलं की आकाश बघू नका, ते वाळलेले पाइन बघा, ढग आला की चतुर बसतात आणि हॉबी पण जाऊन शेंड्यावर बसतो, ऊन आलं की निघतो. तसंच झालं. ढग आला, शेंड्यावर दोन बसलेले दिसले, एक मोठा आणि एक पिल्लू, पिल्लाला विटकरी चड्डी नव्हती, अंगावर सगळी बदामी कड. ऊन आलं आणि दोघंही सुटले.

बाबांना मी फक्त एवढं सांगितलं की आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर हलवू नका, मान हलवू नका, आणि दुर्बीण डोळ्याकडे आणा, डोळे दुर्बिणीकडे नेऊ नका. फोकस आधीच त्या झाडावर करून ठेवला होता. तिसऱ्या वेळी जमलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "अगं, तो चालता चालता शेंगा सोलून खाल्ल्यासारखा खातोय!" अगदी तसंच आहे ते. पिल्लाने दोनदा झडप घालून चुकवलं, तिसऱ्यांदा पाय पुढे आणताना चतुर निसटला आणि खाली गेला, चौथ्यांदा मिळाला, तेव्हा बाबांनी शेजारच्या आजोबांना मराठीतच सांगितलं की पकडला पकडला, आणि त्यांना कळलं. नंतर सँडविच खाताना बाबा सांगत होते की लहानपणी ते चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचे, आता वाईट वाटतं म्हणाले.

संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलात तर ४२ चा फायदा कळतो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात जातो, १०×४२ मध्ये तो ४.२ होतो. हॉबी सूर्य मावळताना पण शिकार करतो, तेव्हा पतंग, भुंगेरे असतात. साडेसातनंतर सुद्धा मला मिशी दिसत होती.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. पुढच्या काचांची झाकणं ढिली आहेत, एक पहिल्याच महिन्यात दलदलीत पडलं, गेलं. बरोबर आलेला पट्टा बारीक आहे, दुर्बीण ६८० ग्रॅमची, दोन तासांत मान दुखते, वीस पौंडाचा खांद्यावरून घ्यायचा हार्नेस वेगळा घ्या, खरंच घ्या. उजव्या डोळ्याचा कप बाहेर काढला की हळूहळू आपोआप आत सरकायचा, कंपनीला फोटो पाठवला तर दहा दिवसांत नवीन कप फुकट पाठवला, त्यामुळे तक्रार नाही, पण तीनशेच्या जवळ पैसे घेताना असं व्हायला नको. आणि दोन डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे दोन नळ्या जवळ आणायच्या तर त्या ५६ मिलिमीटरपर्यंतच येतात, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला जेमतेम बसते, त्याहून लहान मूल असेल तर ८×३२ किंवा मुलांसाठीची ६×३० बघा. पाण्याच्या बाबतीत एक नंबर, आत नायट्रोजन भरलेला असतो, दोन वर्षांत इथल्या कितीतरी पावसात भिजली, धुकं एकदाही धरलं नाही.

समुद्रकिनाऱ्यावर लांब चिखलातले पक्षी बघायचे असतील तर ही पुरणार नाही, त्याला टेलिस्कोपच. आणि घरट्याजवळून बघायच्या भानगडीत पडू नका, हॉबीला इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने खास संरक्षण आहे, घरट्याला त्रास देणं गुन्हा आहे, आणि बोर्डवॉकवरूनच इतकं छान दिसतं की गरजच नाही.

भारतातल्या लोकांनी विचारलं होतं की आपल्याकडे काय उपयोग. आहे की! लोणावळ्याच्या बाजूला पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमूर ससाणे आफ्रिकेला जाता जाता थांबतात, तोही असाच छोटा ससाणा, तोही हवेतल्या हवेत चतुर आणि पंखवाली वाळवी पायाने धरून खातो. तेच तंत्र, तोच वेग, तीच दुर्बीण. फक्त माळावर ऊन जास्त असतं तर टोपी घाला, कडेने डोळ्यात उजेड आला की चांगल्या काचेतून पण फिकट दिसतं.

बाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. मी त्यांच्या केबिन बॅगेत ही दुर्बीण हार्नेससकट ठेवून दिली, ते नको नको म्हणत होते पण एअरपोर्टवर बसल्या बसल्या बाहेरची विमानं बघायला काढलीच. माझ्यासाठी परत हीच ऑर्डर केलीये, शुक्रवारी येईल, हॉबी अजून दोन-तीन आठवडे तरी आहेत. यावेळी झाकणांना पहिल्या दिवशीच दोरा बांधणार आहे.