डबल प्लेट क्लच: नऊ महिने, सतरा हजार किलोमीटर आणि त्याआधीची एक चूक

आधी गाडीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सहा सिलिंडरची टर्बो डिझेल पिकअप, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. नवी होती तेव्हा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ८०० न्यूटन मीटरच्या आसपास. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करून आणि मोठे इंजेक्टर टाकल्यावर आता ११००. आठवड्यातून दोनदा तरी मागे ट्रेलर असतो, तेव्हा सगळं मिळून वजन आठ टनांच्या घरात जातं. उरलेले दिवस हीच गाडी रोजच्या ट्रॅफिकमध्ये फिरते. क्लच घेताना नेमकं हे उरलेल्या दिवसांचं मी धरलंच नव्हतं.

रिमॅपनंतर महिनाभर सगळं मजेत चाललं. मग एका लांब चढावर, सहाव्या गिअरमध्ये, १७०० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा झपकन २३००वर गेला. स्पीडोमीटर मात्र ढिम्म. थोड्या वेळाने क्लच जळल्याचा तो वास आला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काहीच जाणवत नव्हतं, त्यामुळे दोन दिवस मी मनाची समजूत घालत राहिलो. पण डिझेलचा क्लच घसरतो तो आधी वरच्या गिअरमध्येच. खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन उचलते, टर्बोचं प्रेशर भरेपर्यंत आरपीएम पुढे निघून जातो. वरच्या गिअरमध्ये इंजिन १६००-१८००ला रेंगाळतं, टॉर्क पूर्ण असतो आणि तो सगळा भार क्लचवर येतो. क्लच तपासायचा असेल तर असाच तपासा: मोकळा रस्ता, वरचा गिअर, १६०० आरपीएम, ॲक्सिलरेटर तळाला. दोन्ही काटे सोबत चढले तर ठीक. आरपीएमचा एकटा पळाला तर खिशात हात घाला.

आता माझी चूक. मी क्लच निवडला तो हॉर्सपॉवरच्या आकड्यावर. बॉक्सवर मोठा आकडा, माझ्या इंजिनाचा त्याहून बराच लहान, म्हणजे झालं, असा हिशेब. पण क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो टॉर्क. हॉर्सपॉवरला ७१२१ने गुणा आणि आरपीएमने भागा, न्यूटन मीटर मिळतात. ३५० हॉर्सपॉवर ३००० आरपीएमला निघत असेल तर क्लचवर साधारण ८३० न्यूटन मीटर येतात. तेवढीच पॉवर १६०० आरपीएमला काढायची म्हटली तर १५६०च्या आसपास. आकडा एकच, क्लचचं काम जवळपास दुप्पट. म्हणून विक्रेत्याने नुसती हॉर्सपॉवर सांगितली तर त्याला सरळ विचारा, 'टॉर्क किती धरतो? आणि सोबत किती वजन ओढायचं धरलंय?' दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण विषय बदलतात.

तर मी घेतला सिंगल प्लेटचा, म्हणजे घासणारी चकती एकच आणि तिच्यावर कडक सिरॅमिकची बटणं, असा क्लच. पकडीबद्दल त्याला नावं ठेवणार नाही. घसरणं त्याला माहीतच नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण. हाफ क्लच नावाची गोष्टच उरली नाही. पॅडल अर्ध्या बोटाने वर आलं की गाडी एकतर जागच्या जागी, नाहीतर धाडकन पुढे. ट्रॅफिकमध्ये माझी मान घड्याळाच्या लंबकासारखी हलायची. पण खरा कस लागला तो ट्रेलर मागे घेताना. चढावरच्या शेडमध्ये ट्रेलर उलटा घालायचा, दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा. क्लच सोडला की आख्खी गाडी थरथरायची, डॅशबोर्ड खडखडायचा, हिचवर (ट्रेलर जोडतो तिथे) ठण्ण आवाज व्हायचा आणि ट्रेलर एकदम फूटभर सरकायचा. मला हवी होती चार बोटं. बाबा मागे उभे राहून हात दाखवत होते. तिसऱ्या धक्क्याला ते बाजूला झाले आणि म्हणाले, "तू आधी गाडी शिकून ये, मग मी थांबतो."

त्या क्लचवर पाच महिने काढले. त्याने इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट (ते धरून ठेवणारे आधार) खाल्ले, माझा गुडघा खाल्ला. मग गिअरबॉक्स परत खाली. फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक, ज्यावर क्लचची प्लेट घासते) बाहेर आल्यावर बॅटरीच्या उजेडात बघितलं: तोंडावर ठिकठिकाणी निळेजांभळे डाग, आणि केसासारख्या बारीक भेगा. मित्र मेकॅनिक आहे, त्याने नख फिरवून दाखवलं, भेगेत नख अडकत होतं. "हे फेसिंग करून जमणार नाही, टाकून दे," म्हणाला. डाग म्हणजे त्या जागी लोखंड तापून कडक झालेलं असतं. वरवर घासून सपाट केलं तरी तो भाग उंच राहतो आणि थरथर परत येते.

यावेळी आधी कागद-पेन घेतलं. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणारी तोंडं किती, लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड किती, स्प्रिंगचा दाब किती, आणि मध्यापासून घासण्याची जागा किती लांब. १३ इंची सिंगल प्लेट, साधं ऑरगॅनिक (सिरॅमिकपेक्षा मऊ पकडीचं) लायनिंग, म्हणजे तोंडं दोन, पकड ०.३च्या आसपास, सरासरी त्रिज्या १३ सेंटिमीटर. ११०० न्यूटन मीटर जेमतेम धरायचे तरी सुमारे १४०० किलोचा दाब हवा. वर राखीव म्हणून तिसरा हिस्सा धरला तर दाब अजून वाढवा आणि पाय व्यायामशाळेत पाठवा. नाहीतर लायनिंग बदला, म्हणजे परत सिरॅमिक. तिसरा रस्ता: प्लेट दोन करा. तोंडं चार झाली, तेवढ्याच दाबात टॉर्क दुप्पट, आणि लायनिंग ऑरगॅनिकच ठेवता येतं. चढावर पकड आणि रिव्हर्सला मऊपणा या दोन्ही गोष्टी मला यातच एकत्र दिसल्या. म्हणून डबल प्लेट, ऑरगॅनिक, सोबत नवं एकसंध फ्लायव्हील.

फ्लायव्हीलबद्दल एक सांगायला हवं. बऱ्याच डिझेल गाड्यांना ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंगा असलेलं, इंजिनाचे झटके गिळणारं. जास्त टॉर्कला त्याच्या स्प्रिंगा थकतात, म्हणून हेवी ड्युटी क्लच बहुतेक वेळा एकसंध फ्लायव्हीलसकट घेतात. झटके गिळणारा गेला की ते झटके गिअरबॉक्समध्ये ऐकू येतात. हे मला माहीत होतं. किती ऐकू येतात हे माहीत नव्हतं.

बसवताना अडलो ते हायड्रॉलिकमध्ये. दोन प्लेटा नीट सुटायला रिलीज बेअरिंगला (पॅडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) जास्त अंतर ढकलावं लागतं. जुना मास्टर सिलिंडर (पॅडलकडचा, तेल ढकलणारा) तेवढं तेल ढकलत नव्हता. पॅडल तळाला टेकवूनही रिव्हर्स टाकताना कर्रर्र! आधी वाटलं प्लेट उलटी बसली, परत सगळं उतरवावं लागणार. नंतर कळलं, स्लेव्हची (त्या तेलाने सरकणाऱ्या, क्लचकडच्या सिलिंडरची) दांडी पुरती सरकतच नाहीये. मास्टर, स्लेव्ह दोन्ही बदलले, हवा काढली, गिअर गपगुमान पडायला लागला. तेव्हा क्लच घेताना सिलिंडरचा हिशेबही त्यातच धरा. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) आणि रिलीज बेअरिंग तर डोळे झाकून नवीन. एवढं उतरवून जुनं बेअरिंग परत बसवणाऱ्याला माझा नमस्कार.

पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नाही, फुल ॲक्सिलरेटर नाही. हे किलोमीटर थांबत-निघत काढायचे असतात. हायवेवर एका दमात काढले तर उपयोग नाही, कारण लायनिंग बसतं ते क्लच सोडताना, नुसतं पळताना नाही. मी ते ट्रॅफिकमध्येच काढले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिकचा फायदा झाला. सुरुवातीला दोनशे किलोमीटर सकाळी थंड असताना किंचित थरथर होती, मग गेली.

आवाजाकडे येतो, कारण नवीन माणूस घाबरतो तो त्यालाच. आवाज दोन आहेत. पॅडल दाबून उभे राहिलात तर दोन प्लेटांमधली मधली प्लेट मोकळी होते आणि खळखळते, पत्र्याच्या डब्यात नाणी हलवल्यासारखी. पॅडल सोडून न्यूट्रलला थांबलात तर खळखळ बंद, पण गिअरबॉक्समधून घरघर येते. सिग्नलला काच खाली असेल तर शेजारचा बाइकवाला वाकून चाकाकडे बघतो. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "खाली काहीतरी सुटलंय का रे?" नाही, असंच वाजतं. आता त्यांना सवय झालीय, मला मात्र अजून थंडीत गाडी चालू केली की कान टवकारतात. शांत गाडी हवी असेल तर हा क्लच घेऊ नका, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो.

पॅडल मूळ क्लचपेक्षा जड आहे, पण सिरॅमिकवाल्यापेक्षा हलकं. तासभर ट्रॅफिकमध्ये डावा पाय बोलतो. त्यामुळे सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घ्यायची सवय लागली, आणि ती चांगलीच आहे: जड स्प्रिंगवर पॅडल दाबून उभं राहिलं की तो सगळा दाब क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) जातो. ते गेलं तर क्लच नाही, इंजिन उघडावं लागतं.

आणि ज्यासाठी घेतला ते. आठ टन, तोच चढ, सहावा गिअर, १७०० आरपीएम. दोन्ही काटे हातात हात घालून चढतात. (एरवी मी तिथे पाचवा टाकतो, सहाव्यात इंजिन दाबून ओढण्यात कसलीही मर्दुमकी नाही.) रिव्हर्सला ट्रेलर चार बोटं म्हटलं की चार बोटंच सरकतो. बाबा परत मागे उभे राहायला लागलेत.

ट्रेलर असताना मी आता पहिल्या गिअरशिवाय निघत नाही. पूर्वी दुसऱ्यात उठवायचो, डिझेल आहे, उठतेच. पण निघताना क्लचमध्ये जी उष्णता होते ती साधारण तेवढी असते जेवढी ऊर्जा क्लच पूर्ण लागेपर्यंत गाडीला मिळते. पहिल्यात क्लच ताशी ८ किलोमीटरला लागत असेल आणि दुसऱ्यात १६ला, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट. आधीच्या फ्लायव्हीलवरच्या निळ्या डागांमध्ये माझ्या त्या दुसऱ्या गिअरचाही वाटा असणार, सगळं खापर सिरॅमिकवर फोडता येणार नाही.

नऊ महिने, १७ हजार किलोमीटर, त्यातले सहा हजार ट्रेलरसकट. पकडण्याची जागा पॅडलच्या वरच्या बाजूला थोडी सरकलीय, अर्धा सेंटिमीटर असेल. वास एकदाच आला, तोही मित्राला गाडी दिली होती तेव्हा. तो क्लचवर पाय ठेवूनच चालवतो, त्याला आता किल्ली मिळत नाही. ट्रेलर कधीच ओढत नसाल आणि टॉर्क मूळच्यापेक्षा थोडाच वाढवला असेल, तर जरा जास्त दाबाची सिंगल ऑरगॅनिक प्लेट पुरेल, एवढ्या खळखळीची गरज नाही. नुसती शर्यत लावायची असेल तर सिरॅमिक घ्या, पण मग ती गाडी घेऊन भाजी आणायला जाऊ नका.

एक तक्रार उरलीय. रिव्हर्स टाकण्याआधी पॅडल दाबून दोन सेकंद थांबावं लागतं, दोन प्लेटांचं फिरणं थांबायला वेळ लागतो. घाई केली की कर्र. तेवढ्यात बाबा मागून ओरडतात, "थांब की जरा!"