रॉड, फेल्ट की दोरी? एअर रायफलची नळी पुसताना

.२२ वाल्यांनी, म्हणजे काडतुसाच्या रायफलवाल्यांनी, हे सोडून द्यावं. बंदुकीच्या दारूची काजळी निघायला त्यांना ब्रश लागतो. आपल्या .१७७ च्या एअर रायफलीत असतो तो शिशाचा पातळ थर आणि पेलेटवरचं, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीवरचं, तेल. त्यामुळे निवड तिघांतच.

फेल्टचं, म्हणजे पेलेटसारखे भरून झाडायच्या लोकरी बोळ्यांचं, पटकन सांगतो. रेंजवर दोन-तीन एकदम भरून मारले की काम झालं. एकच मारू नये, इतका हलका असतो की रायफल जवळजवळ रिकामीच सुटते. स्प्रिंगवाल्या रायफलीत तर फेल्ट नकोच. वरवरची पुसापुशी होते, एवढंच.

रॉडनं नळी चोख निघते, हे मान्य. पण आपल्या बहुतेक मॅच रायफलींना मागून रॉड घालायला सरळ वाटच नाही. तोंडाकडूनच घालावा लागतो आणि क्राउनला, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेला, घासेल म्हणून जीव मुठीत. तेही चाललं असतं. पण बालेवाडीच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री, जुलैत, नाशिकला गंगापूर रोडच्या घरी जेवणाच्या टेबलावर पुसत बसलो होतो. रॉड बाहेर आला, चिंधी आतच. तोंडाजवळ नळी जराशी आवळलेली असते, तिथे बसली घट्ट. ढकलत ढकलत मागे नेली आणि बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं धागा धागा उपसला. रात्रीचा दीड. सहाची पुण्याची बस. पहिली सीरिज, म्हणजे पहिले दहा नेम, कशी गेली ते विचारू नका.

देवळाली कॅम्पातले एक निवृत्त हवालदार शेजारी आहेत. म्हणाले, "अहो, आम्ही जन्मभर पुल-थ्रूच ओढला." म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी. तेव्हापासून गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वापरतो. एक टोक वितळवून गाठ केली, जुन्या बनियनची रुपयाएवढी चिंधी मधोमध ओवून गाठीला टेकवली. हवेचा सिलिंडर काढायचा, दोरी पेलेट भरायच्या जागेतून घालून तोंडातून सरळ ओढायची. चिंधी पेलेटच्याच वाटेनं जाते, मागे गाठ असल्यानं सुटत नाही. मोठी चिंधी मात्र घेऊ नका, दोरी तुटली तर रॉडपेक्षा वाईट फजिती.

कशानंही पुसा, माझ्या रायफलला नंतर वीसेक पेलेट लागतात ग्रुप जमायला, म्हणजे गोळ्या पुन्हा एका जागी पडायला. म्हणून आदल्या रात्री नाहीच.

घरी रायफल घट्ट धरायला वाइस (शिकंजा) आणि चांगला एकसंध रॉड असेल, हात सावकाश असेल, तर रॉडवाले चुकीचे नाहीत. माझा रॉड सध्या कपाटामागची जळमटं काढतो.