घर एका गावी, बेस दुसऱ्या: अमेरिकी विमान कंपन्यांच्या ऑफर्सची अपडाऊनवाल्या पायलटच्या नजरेतून पारख

ऑफर लेटरमध्ये तासाचा दर असतो, ट्रेनिंगच्या क्लासची तारीख असते, विम्याचे तपशील असतात. महिन्यातल्या किती रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपायला मिळतील, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. बेसच्या, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते त्या विमानतळाच्या, गावातच राहणाऱ्याला त्याची फिकीर नाही. घर आणि बेस यांच्यात दोन-तीन तासांचं विमान असेल, तर ऑफर आधी याच मापाने मोजावी.

हिशेब सोपा आहे. महिन्याला चार दिवसांच्या चार ट्रिप धरा. बेसमध्ये राहणाऱ्याच्या १२ रात्री बाहेर जातात, ३० पैकी १८ घरी. पण रिपोर्टिंग सकाळी लवकर असेल तर अपडाऊनवाल्याला आदल्या रात्रीच बेस गाठावा लागतो, आणि ट्रिप रात्री ९ नंतर संपली तर घरचं शेवटचं विमान निघून गेलेलं असतं. दोन्ही टोकं अशी वाईट निघाली की १२ च्या २० रात्री होतात, घरी उरतात १०. तीच ट्रिप दुपारी १ ला सुरू होऊन चौथ्या दिवशी दुपारी ३ ला संपली तर १२ च्या १२ च राहतात. कामाचे तास तेवढेच, पगार तेवढाच, घरच्या आठ रात्रींचा फरक. म्हणून ‘महिन्याला किती सुट्ट्या?’ या प्रश्नापेक्षा ‘ट्रिप कधी सुरू होतात आणि कधी संपतात?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

हाच निकष लावला की कंपन्यांची क्रमवारी पगाराच्या क्रमवारीपेक्षा वेगळी लागते. अलीजियंटचं उदाहरण घ्या. तिथे विमान सकाळी निघतं आणि संध्याकाळपर्यंत त्याच बेसवर परत येतं, मुक्कामाच्या ट्रिप फारशा नाहीत. बेसच्या गावात राहणाऱ्यासाठी यासारखी नोकरी नाही, रोज रात्री घरी. अपडाऊनवाल्यासाठी मात्र हीच सर्वांत वाईट, कारण प्रत्येक ड्युटीनंतरची रात्र क्रॅशपॅडमध्ये (बेसजवळ अनेक जण मिळून भाड्याने घेतात ती झोपण्याची जागा) आणि तीही स्वतःच्या खर्चाने. इतर कंपन्यांत मुक्कामाच्या हॉटेलचे पैसे कंपनी देते, हे विसरायला नको.

साउथवेस्टचा ताफा पूर्ण बोइंग ७३७ चा. बेस डॅलस, शिकागो मिडवे, बाल्टिमोर, ओकलंड, लास व्हेगास वगैरे. तिथे सकाळच्या आणि दुपारनंतरच्या ट्रिप वेगळ्या ठेवण्याची पद्धत आहे. सकाळची ट्रिप पहाटे सुरू होऊन लवकर संपते, दुसरी उशिरा सुरू होऊन रात्री संपते. म्हणजे एक टोक हमखास जमतं आणि दुसरं हमखास जमत नाही. प्रत्येक ट्रिपमागे एक रात्र गेली असं धरूनच चालायचं. आधीपासून माहीत असलेला तोटा निदान नियोजनात तरी बसवता येतो.

डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन यांच्याकडे बेस भरपूर, पण नव्या माणसाच्या वाट्याला येतो तो ज्येष्ठांनी सोडलेला. बहुधा तो न्यूयॉर्क-नेवार्कचा परिसर असतो. महाग गाव, गर्दीचं आकाश, वादळी उन्हाळा. तरीही अपडाऊनवाल्याने नाक मुरडण्याआधी एक गोष्ट बघावी: युरोपची उड्डाणं तिथून संध्याकाळी निघतात आणि परतीची दुपारी उतरतात. वाइडबॉडीवर (लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर) जागा मिळाली तर सकाळी घरून निघून संध्याकाळचं रिपोर्टिंग गाठता येतं. नॅरोबॉडीवर (७३७ सारख्या लहान विमानावर) पहाटे ५ चं रिपोर्टिंग करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र आधी दोन तास विमानात बसून मग रात्रभर अटलांटिक ओलांडायचं, ही दमवणूक हिशेबात धरावी.

फेडेक्स (मेम्फिस, इंडियानापोलिस, ओकलंड) आणि यूपीएस (लुईव्हिल, अँकरेज, मायामी, कॅलिफोर्नियातलं ऑन्टारियो) यांच्याकडे अनेक ट्रिप डेडहेडने सुरू होतात किंवा संपतात. बेसवरून दुसऱ्या शहरात प्रवासी म्हणून जाण्याचं तिकीट कंपनीच काढते. करारात सवलत असेल तर बेसला न जाता घरूनच थेट त्या शहरात जाता येतं. अपडाऊनवाल्यासाठी हे सोनं. दुसरी बाजू अशी, की पार्सलची वर्गवारी मध्यरात्री चालते, त्यामुळे काम रात्रीचं. शिवाय २०१४ पासून लागू झालेले अमेरिकी हवाई नियमावलीच्या भाग ११७ चे विश्रांतीचे नियम मालवाहू कंपन्यांना बंधनकारक नाहीत, तिथे जुनेच चालतात.

कलिटासारख्या मालवाहू कंपनीत घराजवळच्या विमानतळावरूनच ड्युटी सुरू झाली असं धरतात आणि तिकीट कंपनी काढते, पण सलग दोन आठवडे वा जास्त बाहेर. खासगी जेट चालवणाऱ्या नेटजेट्समध्ये सात दिवस काम, सात दिवस सुट्टी, तिथेही तिकीट कंपनीचं. महिन्याला साधारण १३ रात्री बाहेर आणि अपडाऊनमध्ये वाया गेलेली एकही नाही. मोठ्या कंपनीच्या वाइडबॉडी कॅप्टनचा पगार या वाटेवर मिळणार नाही, पण बेस कधीच घराजवळ येणार नसेल तर ही ऑफर ‘दुय्यम’ समजून बाजूला टाकणं चूक.

आता सुरुवातीचा काळ, म्हणजे रिझर्व्ह: ठरलेल्या ट्रिप नाहीत, कंपनी बोलावेल तेव्हा हजर व्हायचं. शॉर्ट कॉलमध्ये फोन आल्यापासून साधारण दोन तासांत विमानतळावर पोहोचायचं असतं, आणि ही उपलब्धतेची वेळ १४ तासांपर्यंत असू शकते. याचा अर्थ रिझर्व्हचे सगळे दिवस बेसच्या गावातच बसून काढायचे, फोन वाजो न वाजो. लाँग कॉलला १२ तासांच्या आसपास मुदत मिळते. ऐकायला घरून जमेल असं वाटतं. पण रात्री ९ ला फोन आला आणि सकाळी ९ ला रिपोर्टिंग असेल, तर रात्रीचं शेवटचं विमान गेलेलं आणि सकाळचं पहिलं वेळेत पोहोचत नाही, अशी गत होते. म्हणून घरच्या विमानतळावरून शेवटचं विमान कधी निघतं आणि पहिलं बेसवर कधी उतरतं, या दोन वेळा कागदावर लिहून त्यांच्या मधलं अंतर मुदतीशी ताडून पाहावं. भरती करणाऱ्यांना थेट विचारावं: या ताफ्यात, या बेसवर सर्वांत ज्युनियर लाइनहोल्डर (रिझर्व्हमधून सुटून ठरलेल्या ट्रिप मिळणारा) किती महिन्यांपूर्वी लागलेला आहे? रिझर्व्हपैकी किती जण लाँग कॉलवर असतात? ‘सध्या हालचाल चांगली आहे’ हे उत्तर धरू नये, आकडा मागावा.

करारातलं कम्यूटर (अपडाऊनवाल्यांसाठीचं) कलम मात्र अक्षर न् अक्षर वाचायला हवं. ‘आमच्याकडे कम्यूटर पॉलिसी आहे’ या वाक्याला तपशिलाशिवाय किंमत नाही. सर्वसाधारण रचना अशी असते: रिपोर्टिंगच्या आधी पोहोचणारी दोन विमानं, एक मुख्य आणि एक राखीव, दाखवायची. दोन्हींत ठरावीक वेळेला मोकळ्या जागा असायला हव्यात. पहिलं हुकलं की लगेच शेड्युलिंगला फोन करायचा. इतकं पाळलं तर गैरहजेरीची शिस्तभंगाची नोंद होत नाही. इथेच बारीक फरक सुरू होतात. दुसऱ्या कंपनीचं विमान धरतात का? दोन टप्प्यांचा प्रवास चालतो का? वर्षातून किती वेळा वापरता येतं? रिझर्व्हला लागू आहे का? प्रोबेशनच्या पहिल्या वर्षात लागू आहे का? आणि हुकलेल्या ट्रिपचे पैसे जातात, की मध्येच गाठून उरलेली ट्रिप करता येते? प्रोबेशनमध्ये युनियनचा हात तोकडा असतो, त्यामुळे त्या वर्षी कलमाच्या भरवशावर न राहता दोन राखीव विमानं हाताशी ठेवणं शहाणपणाचं. मोकळ्या जागांचे स्क्रीनशॉट वेळेसकट जपून ठेवावेत. वाद होतो तो बहुतेक ‘तेव्हा जागा होत्या की नव्हत्या’ यावरच.

मार्गाची तपासणी करताना दिवसाला किती विमानं एवढंच मोजून भागत नाही. विमान कोणतं हेही बघा. ७३७ किंवा ७५७ च्या कॉकपिटमध्ये साधारणपणे दोन जंपसीट (कामावर जाणाऱ्या पायलटला फुकट बसता येईल अशी जादा आसनं) असतात, सीआरजे किंवा ई-१७५ सारख्या लहान जेटमध्ये एकच. लहान जेट उन्हाळ्यात किंवा पर्यायी विमानतळासाठी जादा इंधन घेतल्यावर वजनात अडकतं, आणि सर्वांत आधी उतरवला जातो तो फुकट बसलेला माणूस. रोज आठ ई-१७५ असलेल्या मार्गापेक्षा पाच ७३७ चा मार्ग बरा ठरू शकतो. ती विमानं ऑफर देणाऱ्या कंपनीचीच असतील तर आणखी बरं, कारण आपल्या माणसाला पहिला हक्क मिळतो. शेवटी परवानगी त्या विमानाच्या कॅप्टनची असते, आणि दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसायला सीएएसएस या ओळख पडताळणीच्या प्रणालीत नोंद सापडावी लागते. नव्या भरतीची नोंद तिथे उमटेपर्यंत, म्हणजे ट्रेनिंगच्या सुरुवातीला, जंपसीट गृहीत धरू नये. फ्लोरिडाचे मार्ग मार्चच्या सुट्टीत आणि नाताळात तुडुंब भरतात. ऑक्टोबरात मोकळ्या जागा पाहून निर्णय घेणारे तिथेच फसतात.

दिशाही महत्त्वाची. घर पूर्वेला आणि बेस पश्चिमेला असेल तर वेळेच्या फरकामुळे जाताना घड्याळाचे तीन तास हाती येतात आणि दुपारचं रिपोर्टिंग सहज जमतं. उलट असेल तर तेच तीन तास जातात, आणि सकाळच्या प्रत्येक ट्रिपसाठी आदला दिवस खर्ची पडतो.

पैशांचा हिशेब उदाहरणादाखल करू. पहिली ऑफर तासाला ११० डॉलर, दुसरी ९५, दोन्हींत ७५ तासांची हमी. फरक महिन्याला १,१२५ डॉलर. पहिलीचा बेस दूर. क्रॅशपॅड ३५०, दोन रात्री हॉटेल २६०, खाणं आणि टॅक्सी १००. उरले ४१५. त्यासाठी घरच्या सहा रात्री गेल्या असतील तर एक रात्र साधारण ७० डॉलरला विकली. शिवाय जास्तीच्या पगारावर कर बसतो, आणि घर ते बेस हा खर्च करातून वजा होत नाही. क्रॅशपॅडमध्ये हॉट बंक म्हणजे जो मोकळा सापडेल तो पलंग, कोल्ड बंक म्हणजे तुमचा ठरलेला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सला वैमानिक आणि हवाई सेवक इतके भरलेले असतात की त्याला ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात. रिझर्व्हवर असताना कोल्ड बंकला थोडे जादा पैसे मोजावेत. शॉर्ट कॉलवरच्या माणसाला दुसऱ्याच्या गजराने उठणं परवडत नाही.

झोपेचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचं क्यू-४०० कोसळलं आणि ५० माणसं गेली. नेवार्क बेसची ती को-पायलट आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाच्या जंपसीटवर मेम्फिसमार्गे आली होती. कॅप्टनही फ्लोरिडाहून येऊन-जाऊन काम करणारा. त्यानंतर नियम कडक झाले: ड्युटीआधी १० तास विश्रांती, त्यात ८ तास झोपेची संधी, आणि तंदुरुस्त असल्याची ग्वाही पायलटने स्वतः द्यायची. पण घरून बेसपर्यंतचा प्रवास आजही ड्युटीत मोजत नाहीत. म्हणून करारात ‘फटीग कॉल’ (दमलो आहे म्हणून ड्युटी नाकारणं) केल्यावर पैसे कापतात का, हेही पाहावं. कापत असतील तर लोक दमलेले असूनही उडतात.

आणखी एक गोष्ट ऑफर घेताना कुणी सांगत नाही. सिनिऑरिटी नंबर (ज्येष्ठतेचा क्रमांक, ज्यावर बेस आणि ट्रिप मिळतात) एका कंपनीतून दुसरीत जात नाही, पण एकाच कंपनीतही कॅप्टन झालात की कॅप्टनांमध्ये पुन्हा तळाशी. तोच जुना रिझर्व्ह, बहुधा तोच नको असलेला बेस. पाच वर्षं राबून मिळवलेल्या दुपारी सुरू होणाऱ्या ट्रिप एका बढतीत जातात. त्यामुळे अनेक अपडाऊनवाले सीनियर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणूनच वर्षानुवर्षं राहतात. ऑफर तोलताना पहिल्या वर्षाचा दर आणि पहिल्या वर्षाच्या कॅप्टनचा दर यांच्यापेक्षा पाचव्या ते आठव्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर जास्त नीट पाहावा. प्रत्यक्षात बहुतेक काळ त्याच ओळीत जातो.

दोन ऑफर तरीही बरोबरीच्या वाटल्या तर मागच्या दोन क्लासना प्रत्यक्षात कोणते बेस वाटले गेले ते विचारावं आणि जिथून रोज थेट विमानं जास्त आहेत ती घ्यावी. दर सारखाच आणि बेसही सारखाच असेल तर ज्या क्लासची तारीख आधी आहे ती. भरती जोरात असताना एका महिन्यात पुढे शेकडो नंबर लागतात, आणि दुपारी सुरू होणारी ट्रिप त्या नंबरांवरच मिळते.