येझदीच्या टाकीचा टू-के रंग: नऊ महिने आणि एक फोड

जुलैत त्र्यंबक रोडच्या पंपावर टाकीचं झाकण उघडलं आणि तोंडाच्या डाव्या अंगाला हरभऱ्याच्या डाळीएवढा फोड दिसला. बोटाने दाबला तर आत लुसलुशीत. 4,200 रुपये मोजलेला रंग आणि सात महिन्यांत ही दशा! तिथूनच पेंटरला फोन लावला. जे बोललो त्यातलं निम्मं आता मागे घ्यायची वेळ आली आहे, म्हणून हे लिहितोय. उरलेलं निम्मं कायम आहे.

गाडी म्हणजे वडिलांची येझदी मोटरसायकल, 1984 ची. नियमाप्रमाणे नोंदणीला 50 वर्षं झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज धरत नाहीत, त्यामुळे घरातले तिला जे म्हणतात तेच तूर्त कायदेशीर आहे.

आधीचा रंग दोन वर्षांपूर्वीचा, भर श्रावणात, 900 रुपयांत, साध्या एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंटमध्ये. हवेत ओल होती. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि त्यावर बाष्प बसतं, त्यामुळे मरून रंगावर ताक सांडल्यासारखी पांढरट झाक आली. ती घासून गेली एकदाची, पण पेट्रोलचा थेंब ओघळला की फडक्याला मरून रंग लागायचा. एनसी थिनरमध्ये विरघळतो तसा पेट्रोलनेही मऊ पडतो. आपल्या टाकीवर काय मारलंय हे कळत नसेल, तर थिनरचा बोळा टाकीच्या पोटाला, दिसणार नाही अशा जागी घासून बघा. रंग बोळ्यावर आला की समजायचं.

म्हणून या वेळी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पेंटर म्हणाला, जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढावा लागेल, त्याचे 600 वेगळे. मी कुरकुरलो. पण तो बरोबर होता. एनसीच्या थरावर टू-के मारला की त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि वर सुरकुत्या पडतात. मग इपॉक्सी प्रायमर, दोन खड्ड्यांत लांबी म्हणजे पुटी, वर रंग आणि त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. काम डिसेंबरात केलं. हवा कोरडी, पण त्या आठवड्यात निफाडला पारा एक आकड्यावर होता आणि थंडीत हार्डनर रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी टाकी हातात आली तरी मी ती 15 दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, मगच पेट्रोल दाखवलं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, कसलं वाळवण घातलंय?

रंगाबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ, पावसाचा चिखल, जॅकेटची चेन घासणं, सगळं झालं. चमक आहे तशी आहे. पोटाला रंग थोडा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, पण तिथे बघायला खाली वाकतं कोण?

पण तो फोड. त्याने माझी झोप घालवली.

आधी मीही सगळ्यांसारखं खापर ई-20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडलं. इथेनॉल ओल ओढतं, जुन्या टाकीला आतून गंज चढवू शकतं, हे खरंच आहे. पण वरच्या क्लिअरचं काय? पंपावरचंच पेट्रोल बाटलीच्या बुचात घेऊन, उपड्या टाकीच्या पोटावर ते बूच पालथं घालून रात्रभर ठेवलं. सकाळी नख मारून पाहिलं: ओरखडासुद्धा नाही. म्हणजे पेट्रोल वरून शिरलंच नव्हतं.

मग फोड डावीकडेच का? गाडी साइड स्टँडला डावीकडे कलते. आणि मी पेट्रोल भरलं की लिटरला 40 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायचं तेल) वरून ओततो आणि मिसळायला गाडी मांड्यांमध्ये धरून दोन्हीकडे हिंदकळवतो. गेली पंचवीस वर्षं. प्रत्येक वेळी पेट्रोल झाकणापर्यंत उसळत असणार. झाकणाचं वायसर ते अडवायला हवं. ते वायसर मी रंगाच्या वेळी 60 रुपये वाचवायला सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून बसवलं होतं. काढून पाहिलं तर पेट्रोल पिऊन फुगलेलं, कडा पापडासारख्या वाकलेल्या.

तर निम्मी चूक माझी. पेंटरची निम्मी अशी की त्याने मास्किंग टेप तोंडाच्या ओठावरच लावली. टेप सोलली तिथे क्लिअरची उघडी धार राहिली आणि झिरपलेलं पेट्रोल तिथूनच प्रायमरखाली गेलं. क्लिअर ओठावरून वळून आत बोटभर उतरायला हवा होता. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "साहेब, तुमचं वायसर बघा आधी." दुरुस्तीचे 1,500 मागतो. मी 500 वर अडलोय.

दरम्यान नायट्राइल रबराचं वायसर आणलं. पहिल्यांदा बसवलं तर गंगापूर रोडला गाडी दम तोडायला लागली. झाकणातलं हवेचं बारीक भोक त्याखाली झाकलं गेलं होतं. तिथे अर्धचंद्र कापला, चालली. ऑइल आता घरूनच डब्यात थोड्या पेट्रोलमध्ये कालवून नेतो, हिंदकळवणं बंद. फोड कापून आजूबाजूचा रंग 600 च्या पॉलिश पेपरने उतरता घासला आणि इपॉक्सी लावून ठेवलंय. रंग पाऊस उघडल्यावर. श्रावणातला धडा एकदा पुरे.

तोवर टाकीच्या तोंडाभोवती जुना पंचा गुंडाळून पेट्रोल भरतो. पंपावरचा पोरगा मला लांबून पाहिलं की पलीकडच्या नोझलकडे बोट दाखवतो.