माझाच रिकामा डबा भरून माझ्याकडेच आला

नागपुरात मानेवाडा रोडला माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. चौदा वर्षं झाली, रीबॉन्डिंग, म्हणजे क्रीम लावून केस सरळ करणं, किती केले याचा हिशेब नाही. नवखी होते म्हणून फसले असं नाही. घाईत होते म्हणून फसले.

एप्रिलअखेर, ऐन लग्नसराई. सामान देणारा पोरगा दीड वर्षापासून स्कूटीवर यायचा. वॅक्स, ब्लीच सगळं त्याच्याकडूनच. त्या दिवशी रीबॉन्डिंग क्रीमचे चार डबे आणले. एरवी साडेअठराशेला पडणारा डबा बाराशेला. "ताई, इतवारीतही या भावात भेटणार नाही. स्कीम आहे, बिल मागून देतो." वर प्लास्टिकचं सील, होलोग्राम, सगळं चकाचक. घेतले.

दुसऱ्याच दिवशी एक मुलगी आली, साखरपुडा आठ दिवसांवर. कमरेपर्यंत केस, कधी मेंदीसुद्धा न लागलेले. असे केस असले की आपण निर्धास्त होतो. मानेजवळची एक बट घेऊन आधी क्रीम लावून बघायचं असतं, ते मी केलं नाही. बाहेर तिघी बसल्या होत्या ना.

बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "ताई, आग होतेय." थोडी चुणचुण होतेच, असं मीच तिला सांगितलं. हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. मग एक बट ताणून बघितली. चांगला ओला केस ताणला की थोडा लांबतो आणि परत जागेवर येतो. हा शिजलेल्या शेवईसारखा लांबत गेला आणि माझ्या बोटांत राहिला. तिला तशीच नळाखाली नेली, वीस मिनिटं नुसतं पाणी. मानेवरचे केस मुळापासून दोन बोटांवर तुटले होते, कानामागे कातडी लाल होऊन फोड आले होते. त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले.

रीबॉन्डिंगचं क्रीम केसाच्या आतले बंध सोडवतं, नंतर न्यूट्रलायझर ते नव्या आकारात जोडतं. क्रीम जहाल असलं तर जोडायला काही उरतच नाही. आणि त्वचेसारखा केस भरून येत नाही, मुळाबाहेर आलेला केस निर्जीवच असतो. मास्क, सीरम, स्पा यांनी वरून गुळगुळीत होईल, तुटलेलं सांधणार नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतचा हिशेब तुम्हीच करा.

रात्री झोप लागेना. परत पार्लर उघडून तो डबा उलटा केला. नवा डबा फोडला की बुडावर मार्करनं तारीख टाकायची माझी सवय आहे. या 'नव्या' डब्याच्या बुडावर घासून पुसलेलं, तरी दिसणारं 14/2 होतं. अक्षर माझं. फेब्रुवारीत भंगारवाल्यानं झाकणासकट रिकाम्या डब्याचे वीस रुपये दिले होते, आणि मी खूश झाले होते.

पीएचच्या पट्ट्या आणून उरलेलं क्रीम तपासलं. पीएच 7 च्या जितका वर, तितकं क्रीम जहाल. अशा क्रीमचा पीएच साधारण 9 ते साडेनऊ असतो; इथे पट्टी 12 च्या वर गेली. खोक्यावरचा बॅच नंबर एक, डब्यावरचा दुसरा. हे सगळं घेताना दिसलं असतं, पण बघितलं कोणी? पोराचा फोन बंद. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली, पण बिल नव्हतं. सांगायला एक बंद नंबर तेवढा होता. मुलीचे पैसे परत केले, औषधाचा खर्च दिला. तिची आई एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता बिलाशिवाय कापूसही घेत नाही. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत; परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं खोक्यावर आणि डब्यावर जुळलं तरच पैसे. नेहमीचा माल एकदम तिसऱ्या हिश्श्यानं स्वस्त झाला की मी दार लावते. मानेवरची बट आधी, मग बाकी डोकं, बाहेर दहा जणी बसल्या तरी. ग्राहक म्हणून जात असाल तर डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, आग झाली की लगेच धुवायला लावा, माझ्यासारखी कोणी 'चुणचुण' म्हणाली तरी.

रिकामे डबे मी कटरनं उभे चिरूनच देते. मागच्या आठवड्यात भंगारवाला कुरकुरला, "काहून चिरता ताई? असे तर किलोच्या भावानंच जातील."