ईजीआरला प्लेट मारावी की साफ करून ठेवावा?

जुन्या डिझेल गाडीचा पिकअप पडला, रेस दिली की मागे काळा लोट निघायला लागला, की मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालतो, ईजीआर व्हॉल्व्हवर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) बोट ठेवतो आणि विचारतो, "प्लेट मारून टाकू का? कायमची कटकट मिटेल." म्हणजे पत्रा आडवा घालून त्या वायूची वाटच बंद करायची. १.३ मल्टिजेट असो, इनोव्हाचं २.५ असो की स्कॉर्पिओचं एमहॉक, हा प्रश्न बहुतेकांच्या वाट्याला येतो. माझी २०१२ ची डिझेल हॅचबॅक मी जुनी घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने तिला प्लेट मारलेलीच होती. तशी ती बरेच दिवस चालवली. मग प्लेट काढली, व्हॉल्व्ह साफ करून घेतला आणि आता मूळ अवस्थेत चालवतो आहे. एकाच इंजिनावर दोन्ही अनुभव मिळाले, म्हणून या निर्णयापाशी अडलेल्यांसाठी लिहितो.

आधी प्लेटची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. ईजीआर जळालेला वायू परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, सोडतो. त्यातली काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या आत काळा, चिकट थर बसतो. गॅस्केटच्या (जोडातल्या पॅकिंगच्या) आकाराचा पत्रा कापून मध्ये बसवला की हे थांबतं. प्लेट असताना माझ्या गाडीचं इंजिन ऑइल उशिरा काळं पडायचं, आणि गावात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी जरा चटकन उचलायची, हे मला कबूल आहे. खर्चही किरकोळ.

पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कॉम्प्युटर ईजीआर स्वतःच बंद करतो, त्यामुळे घाटात किंवा ओव्हरटेकला प्लेटमुळे काही जास्त मिळत नाही. प्लेट मारल्यावर "गाडी नवी झाली" असं ज्यांना वाटतं, त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा उघडाच अडकलेला असतो. तो सुटला की फरक पडणारच, आणि तो फरक सफाईनेही पडतो. अ‍ॅव्हरेजमध्ये मला तरी काही जाणवलं नाही. सिग्नलला उभं असताना डिझेलची टकटक मात्र प्लेट असताना जास्त कडक वाटायची.

माझ्यापुरता निकाल लागला तो चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्यामुळे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढेपर्यंत सगळं ठीक असायचं. घाट संपला, सपाट रस्त्यावर गाडी एका वेगात धावू लागली, की दिवा लागलाच म्हणून समजा. कारण साधं आहे. चढावर ईजीआर बहुतेक बंदच असतो. हलक्या, एकसारख्या भारावर कॉम्प्युटर तो उघडायला सांगतो आणि आत येणारी ताजी हवा कमी झाली का ते मोजतो. पत्रा आडवा असल्यावर ती कमी होत नाही, आणि पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा, हा कोड नोंदला जातो. स्कॅनर लावून पुसा, पुढच्या लांबच्या फेरीत तो परत हजर.

नुसता दिवा असता तर मीही सोसला असता. एकदा स्कॅनर लावला तर नेहमीच्या कोडखाली आणखी एक कोड होता, पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. इंटरकूलरचा होज, म्हणजे टर्बोची हवा नेणारा पाइप, क्लॅम्पपाशी चिरला होता. दिवा दोन्हींसाठी तोच, तितकाच पिवळा. खरा बिघाड सांगायला गाडीकडे हा एकच दिवा आहे, आणि प्लेटमुळे तो बिनकामाचा झाला होता. हे मला फार खटकलं. बायको-मुलांना घेऊन रात्री हायवेवर असताना दिवा लागला, तर तो जुनाच आहे की नवा, हे मला कळायला हवं.

यावर तोडगे सांगितले जातात. एक म्हणजे पत्र्याला मध्ये भोक पाडायचं, थोडा वायू जाईल आणि कॉम्प्युटर गप्प बसेल. काही गाड्यांवर ते चालतं म्हणतात. पण अर्धी काजळी आत येणारच असेल, तर पत्रा मारलाच कशाला? दुसरा तोडगा रीमॅपचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधूनच ईजीआर बंद. दिवा विझतो, पैसेही बरेच जातात आणि मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर परतीची वाट अवघड होते.

पीयूसीचं काय, असं विचाराल तर प्लेटवाली गाडी आरामात पास होते. डिझेलच्या चाचणीत रेस देऊन फक्त धुराची घनता मोजतात, बीएस-४ (प्रदूषणाच्या सरकारी मानकाचा एक टप्पा) गाड्यांना १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ ही मर्यादा. ईजीआर ज्यासाठी बसवला आहे ते नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलंच जात नाही. सिलिंडरमधलं तापमान खाली ठेवून ते कमी करायचं, एवढंच त्याचं काम. प्लेट मारली की धूर घटतो आणि डोळ्यांना न दिसणारा हा वायू वाढतो. आपल्या सायलेन्सरमागे सिग्नलला स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं पोर असतं, आणि दम्याच्या माणसाला हाच वायू जास्त जाचतो. मला ही गोष्ट दिव्याइतकीच महत्त्वाची वाटते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला गाडी आरटीओत न्यायची आहे, हेही धरून चाला.

सफाईचं एक वाईट आहे, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. गावातल्या गावात, थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांना लवकर, हायवेवाल्यांना उशिरा. माझा व्हॉल्व्ह काढला तेव्हा आत तेलात काजळ कालवल्यासारखा लगदा होता. कार्ब क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने तो सोडवला. आतली दांडी बोटाने दाबली तर सुरुवातीला अर्ध्यात अडकत होती, साफ झाल्यावर स्प्रिंगने टपकन परत येऊ लागली. मोटरचा भाग क्लीनरमध्ये बुडवू देऊ नका, आणि गॅस्केट नवीनच टाकायला सांगा. मॅनिफोल्ड उतरवून धुणार असाल तर खर्च वाढतो, पण गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल तर एकदा करून घ्यावं असं माझं मत.

तुमची गाडी बीएस-३ असेल तर दिव्याचा माझा मुद्दा कदाचित लागू होणार नाही, कारण त्यात ईजीआरची अशी तपासणी बहुधा नसते. बीएस-४ एप्रिल २०१० ला मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत आलं आणि देशभर २०१७ ला. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत फरक असू शकतो. आरसी पाहून घ्या. व्हॉल्व्हची मोटरच जळाली असेल आणि नवीन व्हॉल्व्ह परवडत नसेल, तर प्लेटचा मोह होणं मी समजू शकतो. तरी आधी साफ करून बघा, एवढंच म्हणेन.

आणि जुनी डिझेल गाडी घेत असाल तर ईजीआरच्या जोडावर टॉर्च मारा. गॅस्केटच्या कडेने चकचकीत पत्र्याची धार बाहेर दिसली, तर प्लेट आहे. किंमत ठरवण्याआधी ती काढून गाडी लांब चालवून बघायला मिळते का, ते विचारा.